चर्चगेटच्या पुढचं स्टेशन

बावीस वर्षं बोरिवलीहून लोकलने चर्चगेटला येते आणि कफ परेडच्या शेअर टॅक्सीसाठी रांगेत उभी राहते. पावसाळ्यात ही रांग जीव खाते. रांगेतल्या किती जणांना मी विचारलं असेल, 'पूर्वी गाडी इथून पुढे कुलाब्यापर्यंत जायची, माहीत आहे?' बहुतेकांना नसतं.

चर्चगेट तेव्हा वाटेतलं स्टेशन होतं. गाडी तिथून निघाली की डावीकडे ओव्हल मैदान, मग कूपरेजचं मैदान आणि उजवीकडे समुद्र. मरीन ड्राइव्हचा अजून पत्ताच नव्हता. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचं (म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेचं) कुलाबा टर्मिनस १८९६ साली उभं राहिलं. लोकल तिथे संपायच्या आणि लांबच्या गाड्या तिथूनच सुटायच्या. शेजारी कापसाचा बाजार होता. आज कॉटन ग्रीन म्हटलं की आपल्याला हार्बर लाइन आठवते, पण त्याआधी ते नाव कुलाब्याच्या बाजाराचं होतं.

मला सगळ्यात जास्त लागतं ते पुढचं. ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा ते बोरिवली विजेवरची लोकल सुरू झाली. म्हणजे माझ्या गावाहून थेट माझ्या ऑफिसच्या दारापर्यंत! आणि तीन वर्षं व्हायच्या आत, ३१ डिसेंबर १९३० ला, कुलाबा स्टेशन बंद. बॅकबेचा समुद्र बुजवून जमीन करायच्या भराव योजनेसाठी सरकारला रुळांखालची जमीन हवी होती. लांबच्या गाड्यांसाठी त्याच महिन्यात बॉम्बे सेंट्रल उघडलं. लोकलवाल्यांना चर्चगेटलाच उतरवलं. ज्या भराव योजनेपायी हे झालं, ती तर अर्ध्यावरच आवरती घ्यावी लागली होती. काँग्रेस नेते वीर नरिमन यांनी तिच्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला, हे तरी आपल्याला नरिमन पॉइंटमुळे आठवतं. स्टेशन मात्र कुणालाच आठवत नाही. माझ्या मते ती रेल्वे काढणं ही चूकच होती, आणि तिची किंमत आपण रोज रांगेत उभं राहून मोजत आलो.

स्टेशनच्या जागेवर आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत आली, तेव्हा मला खरंच भरून आलं. जवळजवळ ९५ वर्षांनी या टोकाला पुन्हा गाडी!

त्या मेट्रो स्टेशनात कुलाबा टर्मिनसचा एक मोठा फोटो लावा, खाली मराठीत चार ओळी लिहा. मी तसं पत्र लिहिलंय. तुम्हीही लिहा. आणि कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांचं कुलाब्याचं जुनं तिकीट किंवा पास असेल, तर कृपा करून कमेंटमध्ये टाका.