फायटरला कच्चा लिंबू कोणी केले?

डंजन्स अँड ड्रॅगन्स आणि त्याच्या जातीचे टेबलटॉप खेळ (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन, फासे टाकत मिळून गोष्ट रचण्याचे खेळ) खेळणाऱ्या मराठी मंडळींत सध्या एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा की, क्लासेसमधला, म्हणजे पात्रांच्या प्रकारांमधला, समतोल हे व्हिडिओ गेममधून आलेले खूळ आहे. जुन्या खेळांत असले काही नव्हते. हा खेळ जिंकायचा नसतोच, त्यामुळे मंत्र म्हणणारा विझार्ड शस्त्राने लढणाऱ्या फायटरपेक्षा दसपट बलवान असला तरी कोणाचे काही बिघडत नाही. कमी-जास्त झालेच तर डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) सांभाळून घेतो. आणि खेळाच्या चौथ्या आवृत्तीने समतोल आणला म्हणूनच ती आपटली. मी गेली काही वर्षे दादरला एका गटाचा डीएम आहे. हा मजकूर आमच्याही ग्रुपवर आला आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली, म्हणून त्यातले एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

इतिहासाबद्दलचे विधान सरळसरळ चुकीचे आहे. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ आला तेव्हा त्यात फायटिंग मॅन (आजचा फायटर), मॅजिक-यूझर (आजचा विझार्ड) आणि क्लेरिक (देवाचा उपासक) असे तीनच क्लास होते, आणि वरची लेव्हल, म्हणजे ताकदीची पुढची पायरी, गाठायला प्रत्येकाला अनुभवाचे वेगवेगळे गुण (एक्सपी) जमवावे लागत. 1978 च्या प्लेअर्स हँडबुकात दुसऱ्या लेव्हलसाठी थीफला 1,251, फायटरला 2,001 आणि मॅजिक-यूझरला 2,501 एक्सपी लागत. पहिल्या लेव्हलच्या मॅजिक-यूझरजवळ दिवसाला एकच मंत्र असे, हिट पॉइंटसाठी (पात्र किती इजा सोसू शकते त्या आकड्यासाठी) त्याला चार पैलूंचा फासा मिळे आणि मंत्र म्हणताना घाव बसला तर तो मंत्र वाया जाई. फायटरला दहा पैलूंचा फासा मिळे, आणि नवव्या लेव्हलला तो स्वतःचा गड बांधून पदरी सैन्य बाळगू शकत असे. हा समतोल नव्हे तर काय? तो एका चकमकीत न दिसता वर्ष-दोन वर्षांच्या मोहिमेत उलगडत जाई, एवढाच फरक. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीने सगळ्या क्लासेसना एकच एक्सपीचा तक्ता दिला, मंत्र वाया जाण्याचा धोका बराच कमी केला आणि फायटरचा गड व सैन्य काढून घेतले. त्या बदल्यात त्याला जे दिले ते पुरेसे नव्हते. आज ज्याला आपण ‘विझार्डची मक्तेदारी’ म्हणतो तिचे मूळ मला या बदलांत दिसते. जुना खेळ समतोलाविषयी बेफिकीर होता असे म्हणणे त्या खेळावर अन्याय करणारे आहे.

‘जिंकायचे नसते, मग समतोल कशाला’ हा मुद्दा वरवर पटणारा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. माझ्या टेबलावर घडलेला एक रविवार सांगतो. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक होता. आमचा फायटर खेळणारा भिडू बदलापूरहून दोन तास प्रवास करून आला होता आणि रात्रीची परतीची गाडी गाठायची असल्यामुळे हातात जेमतेम साडेतीन तास होते. पात्रे पाचव्या लेव्हलची होती. वाटेत लोखंडी दार आले; तो खांदा लावून ते तोडण्याबद्दल बोलत असतानाच विझार्डने कुलूप उघडणारा नॉक हा मंत्र म्हटला आणि कुलूप उघडले. पुढे चौकीवरचा पहारेकरी अडवू लागला; मन वळवणारा सजेशन हा मंत्र म्हटल्यावर तो निमूट बाजूला झाला. शेवटी आठ गॉब्लिन (छोटे राक्षस) समोर आले. फायटरचा डाव चौथा होता. त्याच्याआधी विझार्डने फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र टाकला, आठ फासे नकाशावर घरंगळले आणि गॉब्लिनचे हिट पॉइंट प्रत्येकी सातच असल्यामुळे सेव्ह (बचावाचा फासा) साधून निम्मीच इजा झालेलेही वाचले नाहीत. फायटरचा डाव आला तेव्हा चौकटीच्या कागदावर मारण्यासारखे कोणीच उरले नव्हते. त्याने हातातला वीस पैलूंचा फासा परत डबीत ठेवला आणि मोबाइलवर परतीच्या गाड्या पाहू लागला.

त्या दिवशी कोणीही हरले नव्हते, पण एक भिडू साडेतीन तास खेळातच नव्हता. लहानपणी चाळीत लपंडाव खेळताना आपण धाकट्या भावंडाला कच्चा लिंबू म्हणून घेत असू. तो पळे, लपे, पण त्याच्यावर राज्य येत नसे, कारण त्याच्या असण्या-नसण्याने डावावर काहीच परिणाम होत नसे. फायटरची स्थिती तशी होऊ नये, एवढीच समतोलाची मागणी आहे. सगळ्यांचे डॅमेज (शत्रूला केलेली इजा) सारखे असावे असे कोणी म्हणत नाही. मात्र पुढे काय होणार हे ठरवण्याची संधी टेबलावरच्या प्रत्येकाला मिळाली पाहिजे, आणि जो खेळ मिळून गोष्ट रचण्याचा आहे त्यात तर ही गरज जिंकण्या-हरण्याच्या खेळापेक्षा जास्त आहे.

आता ‘डीएम सांभाळून घेतो’ याबद्दल. मी सांभाळून घेण्याचा प्रयत्न केला आहे. फायटरला जादूची तलवार दिली, तर क्लेरिक खेळणाऱ्या मुलीने आपल्याला काय मिळणार असे विचारले, आणि तिचे बरोबर होते. मंत्र न चालणारी खोली रचली, तर विझार्ड खेळणारा तासभर हात बांधून बसला. म्हणजे कच्चा लिंबू बदलला, इतकेच. नियमांत असलेला तोल डीएमने ओळखून राखायला हवा हे मात्र खरे. नॉक म्हटल्यावर 300 फुटांपर्यंत ऐकू जाईल असा आवाज होतो असे 2014 च्या, म्हणजे पाचव्या आवृत्तीच्या, नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे. मी तो त्या रविवारी लागू केला असता तर दार तोडणे आणि दार उघडणे यांत खरी निवड उरली असती. पण ज्याने पहिल्यांदाच डीएमची जागा घेतली आहे त्याच्यावर नियमांतली भोके बुजवण्याचेही ओझे टाकणे योग्य नाही.

मजकूर लिहिणाऱ्याच्या नजरेतून पूर्णपणे सुटलेली गोष्ट म्हणजे दिवसाची लांबी, आणि आपल्याकडच्या बहुतेक टेबलांचे दुखणे माझ्या मते तिथेच आहे. 2014 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये एका मोहिमेच्या दिवसात मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ चकमकी गृहीत धरल्या आहेत. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे नऊ स्लॉट (दिवसभरात मंत्र म्हणण्याच्या संधी) असतात आणि त्यांतले फायरबॉलच्या तोडीचे दोनच. आर्केन रिकव्हरी या त्याच्या क्षमतेने आणखी एक परत मिळतो. त्याच लेव्हलचा फायटर मोठी तलवार घेऊन, ताकद 18 असताना, 15 एसीच्या (वार लागायला फाशावर गाठायच्या आकड्याच्या) शत्रूवर दोन वार करतो तेव्हा त्याचे एका फेरीचे सरासरी डॅमेज 14 ते 15 होते. सहा चकमकी, प्रत्येकी चार फेऱ्या धरल्या तर तो दिवसभरात सुमारे साडेतीनशे डॅमेज करतो, आणि त्याचा अ‍ॅक्शन सर्ज (एका फेरीत जास्तीची कृती) दर शॉर्ट रेस्टला, म्हणजे छोट्या विश्रांतीला, परत येतो. असा पूर्ण दिवस खेळला गेला तर विझार्डला प्रत्येक फायरबॉल जपून वापरावा लागतो आणि दोघांचा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. पण आम्ही पंधरा दिवसांतून एकदा भेटतो, एखादी चकमक होते, आणि पुढच्या वेळी कोणाचे किती स्लॉट उरले होते हे आठवत नाही म्हणून सगळ्यांना लॉन्ग रेस्ट (सगळे स्लॉट परत देणारी मोठी विश्रांती) देऊन टाकतो. म्हणजे आठ चकमकींचा दारूगोळा विझार्ड एकाच चकमकीत उडवतो.

क्रिकेटमध्ये ही चूक कोणी करत नाही. 50 षटकांच्या सामन्यात गोलंदाजाला 10 षटके मिळतात, आणि पावसामुळे सामना 30 षटकांचा झाला की त्याचा वाटा 6 षटकांवर येतो. सामना आखडला तरी गोलंदाजाची 10 षटके कायम ठेवा असे कोणी म्हटले तर शिवाजी पार्कावरचे शाळकरी पोरही हरकत घेईल. विझार्डच्या बाबतीत आपण नेमके तेच करतो आणि नंतर खेळाच्या स्वभावाला दोष देतो.

चौथ्या आवृत्तीविषयी थोडक्यात. 2008 च्या त्या आवृत्तीत प्रत्येक क्लासच्या शक्ती कायम, चकमकीतून एकदा आणि दिवसातून एकदा अशा एकाच साच्यात बसवल्या होत्या, आणि त्यामुळे सगळे क्लास हाताला सारखेच लागतात ही तक्रार रास्त होती. राक्षसांचे हिट पॉइंट जास्त असल्यामुळे लढाया लांबत, हीसुद्धा खरी अडचण होती. या तक्रारी एकसारखेपणाच्या आणि संथपणाच्या आहेत, समतोलाच्या नाहीत. 2019 साली आलेल्या, याच जातीच्या पाथफाइंडर या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत क्लासेसचा तोल काटेकोर आहे, तरी तिचा फायटर पहिल्या लेव्हलपासून शस्त्र चालवण्यात इतर बहुतेक क्लासेसच्या एक पायरी पुढे असतो आणि विझार्ड खेळताना वेगळ्याच तऱ्हेने डोके चालवावे लागते. भिन्न आणि तरी तुल्यबळ क्लास रचता येतात, याला आणखी कोणता पुरावा हवा?

आमच्या टेबलावर आम्ही एकच बदल केला. 2014 च्या गाइडमध्येच दिलेल्या पर्यायी नियमाप्रमाणे आता रात्रभराची झोप ही शॉर्ट रेस्ट मोजली जाते आणि लॉन्ग रेस्टला सात दिवस लागतात. त्यामुळे एक लॉन्ग रेस्ट आमच्या तीन-चार रविवारांना पुरते, आणि उरलेले स्लॉट प्रत्येक जण आपल्या कॅरेक्टर शीटवर पेन्सिलीने लिहून ठेवतो. गेल्या खेपेस अरुंद पुलाच्या तोंडाशी ओग्र (धिप्पाड राक्षस) येऊन उभा राहिला तेव्हा विझार्डच्या शीटवर तिसऱ्या लेव्हलचा एकच स्लॉट शिल्लक होता. त्याने तो वापरला नाही. बदलापूरच्या भिडूकडे वळून त्याने विचारले, “तू याला दोन फेऱ्या रोखून धरशील का? मागे आणखी येतायत, ते पुलावर आले की मग टाकतो.” फायटरवाल्याने आपले हिट पॉइंट मोजले, फासा हातात घेतला आणि नकाशावरची आपली सोंगटी पुलाच्या मधोमध नेऊन ठेवली.