पाच पायऱ्यांचा फरक

आमच्या हिने ३४ वर्षं सहकारी बँकेत काढली, त्यातली निम्मी कॅश काउंटरवर. आकडा जुळला नाही की तिला जेवण जात नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण इटलीत माझ्या गुडघ्यांचं जे झालं त्याला ना समुद्र जबाबदार, ना डोंगर. जबाबदार ती बँक.

म्युनिकच्या लेकीने सगळं ठरवून दिलं होतं. "बाबा, चिंक्वे तेर्रे! समुद्रकाठची पाच गावं आणि मधून पायवाटा. रमतगमत चालायचं." मी ठाण्याचा. रमतगमत म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तलावपाळी येते. सपाट, गोल, आणि कुठेही कंटाळलं तरी समोर भेळ.

"फक्त स्लिपर नकोत हं," लेक म्हणाली. "पायवाटेवर भलतंसलतं घालून गेलं तर दंड करतात. ५० युरोपासून अडीच हजारांपर्यंत." मी रुपयांत हिशेब करायच्या आत हिने तो केला आणि त्याच संध्याकाळी मला नवे बूट घेऊन दिले. मॉन्तेरोस्सोच्या स्टेशनातच उजव्या टाचेला बूट चावायला लागला. बोलायची सोय नव्हती. दंड जास्त चावला असता.

मॉन्तेरोस्सो ते वेर्नाझ्झा, अंतर साडेतीन किलोमीटर, वेळ दोन तास. मला वाटलं, इटालियन माणसं वाटेत जेवत असतील. मग लिंबाच्या बागांमधून पहिली चढण लागली आणि त्या दोन तासांचा उलगडा झाला. दगडी पायऱ्या, एक गुडघ्याएवढी तर पुढची वीतभर, आणि वाट इतकी अरुंद की मागून आलेल्या माणसासाठी पोट आत घेऊन डोंगराला चिकटायचं. दोन काठ्या टेकत एक जर्मन आजी मला ओलांडून गेल्या. त्या हसल्या. मीही हसलो, पण माझ्या हसण्यातून नुसताच श्वास बाहेर पडला.

मला वाचवलं गडग्यांनी. हे सगळे डोंगर कापून त्यांच्या टप्प्याटप्प्याच्या अरुंद शेती केल्या आहेत आणि प्रत्येक टप्पा एका दगडी बांधाने धरून ठेवलाय. ना चुना, ना सिमेंट. नुसता दगडावर दगड. हिचं माहेर राजापूरकडचं. पहिला बांध दिसताच ही थबकली. "अहो, हा तर गडगा!" आणि मोठा दगड खाली का, चीप कुठे मारायची, पावसाचं पाणी आरपार जायला हवं नाहीतर गडगा पोट काढतो, हे सगळं तिने मला उभ्याने समजावलं. तेवढ्यात माझा दम परत आला. गडगा हा विषय मी त्या दिवशी सात वेळा काढला. २०१८ साली युनेस्कोने असे कोरडे बांध घालण्याची कला आपल्या यादीत घेतली, हेही मी तिला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

द्राक्षाच्या मळ्यांत एका रुळावरून चालणारी चिमुकली गाडी दिसली. सुगीत द्राक्षं तिच्यातून डोंगर उतरतात. म्हणजे या मुलखात द्राक्षाला वाहन आहे. असो.

वेर्नाझ्झाच्या धक्क्यावर बसून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. २५ ऑक्टोबर २०११ ला या गावात डोंगरावरून पाणी आणि चिखल असा काही आला होता की खालचे मजले गाडले गेले. ते वाचून ही म्हणाली, "गडगे सोडून लोक शहरात गेले की असंच व्हायचं." आमचा राजापूरचा गडगा कोणी बघत नाही, हे आम्ही दोघांनीही काढलं नाही.

इथे मी शहाणपणा केला. पुढचं गाव कोर्नीलिया. तिथवर चालायच्या ऐवजी आपण ट्रेनने जाऊ म्हटलं. एकच स्टेशन! मी विजयी मुद्रेने उतरलो आणि वर पाहिलं. पाच गावांतलं हे एकच गाव समुद्रावर नाही, ते शंभरेक मीटर उंच कड्यावर आहे. स्टेशन मात्र खाली, समुद्राला लागून. मधे लार्दारिना नावाचा विटांचा जिना.

"३८२ पायऱ्या," मी फोनमध्ये बघून म्हणालो.

"माझ्या पुस्तकात ३७७ आहेत," ही म्हणाली.

तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी ३१ मार्चच्या रात्री कित्येकदा पाहिलंय. पाचचा फरक.

ती मोजत चढू लागली. मोठ्याने. मधे बोलायचं नाही. बोललो तर पुन्हा खालपासून, हे तिने बोटानेच बजावलं. १४३ ला टाचेची साल निघाली, मी गप्प. २१० च्या आसपास गडग्याचा विषय काढायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेजारच्या रस्त्यावरून एक छोटी बस माणसं घेऊन वर गेली.

वर पोचल्यावर कळलं की ती बस स्टेशनवरूनच सुटते आणि आमच्या पायवाटांच्या प्रवेश-कार्डात धरलेली आहे. कार्ड हिच्या पर्समध्ये. हिने ते पाठपोट वाचलेलं.

"तुला माहीत होतं?"

"बसमधून पायऱ्या कशा मोजणार?"

हिचा आकडा आला ३७९. म्हणजे ना फोनचा, ना पुस्तकाचा. कोर्नीलिया सुंदर आहे म्हणतात. मी एका बाकाचं आणि एका लिंबाच्या आइस्क्रीमचं तपशीलवार वर्णन करू शकतो.

उतरताना अर्थातच फेरमोजणी. या वेळी मला जिन्याचे टप्पे मोजायला दिले. ते ३३ असायला हवेत. माझे ३२ भरले, एक बहुतेक टाचेवर फुंकर घालताना गेला. हिच्या पायऱ्या ३८०.

परतीच्या गाडीत मी विषय बदलला. उद्या रिओमाज्जोरे ते मानारोला, प्रेमाची वाट. २०१२ च्या दरडीनंतर बंद होती, २०२४ साली उघडली. समुद्राला लागून, जवळजवळ सपाट. वेगळं तिकीट आणि ठरलेल्या वेळेलाच प्रवेश.

"पायऱ्या किती?"

"फारशा नाहीतच."

"मग राहू दे," असं म्हणून तिने डायरी काढली, तारीख घातली आणि खाली लिहिलं: 'सस्पेन्स खाते – पायऱ्या.' सस्पेन्सला, म्हणजे न जुळलेला आकडा तात्पुरता ठेवायच्या खात्यात, टाकलेली नोंद ही किती दिवस उघडी राहू देते, ते मला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं. हॉटेलवर आल्यावर मी बुटांच्या नाड्या सोडल्याच नाहीत.