येमेनची बाई मुकी नाही

गेल्या आठवड्यात माझ्या थोरल्या बहिणीने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक लांबलचक मजकूर पुढे पाठवला आणि त्याखाली, मानवशास्त्रात एम.ए. करणाऱ्या आपल्या मुलीला उद्देशून, "बघ, कुठल्या बायकांचा अभ्यास करायला निघाली आहेस ते" एवढीच ओळ लिहिली. भाचीला येमेनच्या ग्रामीण स्त्रियांच्या मौखिक काव्यावर प्रबंध लिहायचा आहे. त्याच रात्री तिने मला फोन करून विचारले, "मामा, विषय बदलू का?" एरवी असल्या मजकुरांना उत्तर देण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे आहे: येमेनच्या खेड्यातील मुलगी वयात आली की उंबरठ्याबाहेर पडत नाही; तिच्या नावावर जमिनीचा तुकडा नसतो; चौदाशे वर्षे ती त्याच काळ्या बुरख्यात आहे; तिचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी उरकले जाते; आणि तिला स्वतःचे मतच नसल्यामुळे संशोधकांनी तिच्याविषयी लिहिलेले सर्व काही पुरुषांकडून ऐकलेले किंवा मनाने रचलेले आहे.

शेवटचे कलम आधी घेतो, कारण बाई बोलतच नाही असे एकदा ठरवून टाकले की, तिने सांगितलेले काहीही ऐकून घेण्याची गरज उरत नाही. त्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. येमेनमध्ये बायकांच्या आणि पुरुषांच्या बैठका वेगळ्या असतात. दुपारी कात नावाची पाने (आपल्या विड्यातला कात नव्हे) चघळत बसलेल्या पुरुषांमध्ये टिपणे घेणाऱ्या पुरुष संशोधकाच्या कानावर बायकांच्या बैठकीतले बोलणे पडणे शक्य नव्हते. परंतु १९६२च्या क्रांतीनंतरचे यादवी युद्ध १९७०मध्ये मिटून उत्तर येमेन बाहेरच्यांना खुला झाल्यावर तेथे क्षेत्रकार्यासाठी गेलेल्यांत स्त्रिया होत्या. मानवशास्त्रज्ञ मार्था मंडी सनाजवळच्या वादी धहर या खोऱ्यात राहिल्या, सुझन डॉर्स्की अमरानमध्ये, तर नजवा अद्रा अल-अहजुरच्या खोऱ्यात. बायकांच्या बैठकीत, चुलीपाशी आणि गोठ्यात त्यांना मज्जाव नव्हता. ही नावे शोधायला दोन मिनिटे पुरली असती.

यांपैकी अद्रा यांचे काम ताईने जरूर वाचावे. डोंगराळ भागातील बायका दळताना, गुरांचे करताना, लग्नघरी छोटी पदे रचून गात आणि जे सासऱ्याच्या किंवा बापाच्या तोंडावर बोलता येत नाही ते त्या पदांतून सुनावत, हे त्यांनी नोंदवले. पुढे २००२-०३च्या सुमारास, जागतिक बँकेच्या साहाय्याने, त्यांनी याच पदांच्या आधारे ग्रामीण स्त्रियांसाठी साक्षरतेचा प्रयोग उभा केला: वर्गातील बाईने स्वतःचे पद म्हणायचे, शिक्षिकेने ते फळ्यावर उतरवायचे आणि त्या बाईने आपल्याच शब्दांवरून अक्षरे ओळखायला शिकायचे. मत नसलेल्या बायकांकडून असा वर्ग चालवून घेता येत नाही. जात्यावरच्या ओव्यांतून सासुरवाशिणीने काय काय सांगून ठेवले आहे हे ज्या भाषेला ठाऊक आहे, त्या भाषेत हा मजकूर कोणी लिहावा आणि माझ्याच बहिणीने तो पुढे धाडावा, याचे मला अधिक वाईट वाटते. येमेनमध्येही जात्याची जागा डिझेलच्या गिरण्यांनी घेतली आणि दळणाची गाणी मागे पडली. ती मागे का पडली, याचाच शोध भाचीला घ्यायचा आहे.

उंबरठ्याचा मुद्दा तर हास्यास्पद आहे. डोंगरमाथ्यावरच्या गावात खालच्या झऱ्याचे पाणी डोक्यावरून चढवायचे, सरपण आणायचे, पायऱ्यांच्या शेतातली ज्वारी खुरपायची आणि ज्वारीच्या पानांना लसूणघास गुंडाळून एकेक घास गायीला हाताने भरवायचा, ही सारी कामे बाईचीच आहेत. १९७०च्या दशकात पुरुष सौदी अरेबियात मजुरीला गेले तेव्हा मागची शेतीही पुष्कळ अंशी बायकांनीच सांभाळली. पूर्व येमेनमधील हदरामौतमध्ये शेतात राबणाऱ्या स्त्रियांच्या उंच गवती टोप्या प्रसिद्ध आहेत; घरात कोंडलेल्या बाईला उन्हाची टोपी कशाला लागेल?

जमिनीबाबत शरियतप्रमाणे मुलीला भावाच्या निम्मा वाटा मिळतो, आणि स्त्रियांकडे वारशाने जमीन येते हे मंडी यांनी वादी धहरमध्ये दाखवून दिले आहे. बहुतेकदा ती जमीन भावाकडेच कसायला राहते, हे खरे. त्याच्या बदल्यात भावाने ईदला बहिणीला ओवाळणीसारखे काही द्यायचे, ती नवऱ्यावर रुसून आली तर तिला ठेवून घ्यायचे आणि नवरा समजूत काढायला आल्याशिवाय परत पाठवायचे नाही, असा रिवाज आहे. ही व्यवस्था न्याय्य आहे असे मी म्हणत नाही. मात्र तलाठ्यापुढे हक्कसोडपत्रावर सही करून भाऊबीजेची साडी घेणाऱ्या बायका आपल्याही घरात आहेत, आणि त्यांना कोणी कैदी म्हणत नाही.

बुरख्याविषयी फार लिहीत नाही. राजधानी सना शहरातील बायका बाहेर पडताना अंगावरून घेत ते सितारा नावाचे रंगीबेरंगी छापील वस्त्र भारतातून जात असे, आणि शरशफ, म्हणजे हा काळा बुरखा, तुर्कांच्या अमदानीत आला. चौदाशे वर्षांचा हिशेब तिथेच कोसळतो.

बालविवाहाचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. कायद्यातील पंधरा वर्षांची किमान अट १९९९मध्ये काढून टाकण्यात आली, २००९मध्ये संसदेने मंजूर केलेली सतरा वर्षांची अट प्रत्यक्षात उतरू दिली गेली नाही, आणि अल्पवयीन मुलींची लग्ने आजही होतात. त्याविरुद्ध येमेनी स्त्रियाच लढत आल्या आहेत. सप्टेंबर २०१४मध्ये हुथी बंडखोरांनी सना घेतल्यापासून युद्ध पेटले आहे; त्यांच्या ताब्यातील भागात पुरुष नातेवाइकाशिवाय प्रवास करणे स्त्रियांना अवघड झाले आहे, उपासमारीने घरे मोडली आहेत आणि बाहेरच्या संशोधकाला खेड्यात जाऊन राहणे जवळजवळ अशक्य झाले आहे. चौदाशे वर्षांच्या गप्पा मारणाऱ्या त्या मजकुरात या युद्धाविषयी एक शब्दही नाही.