काच बदलण्याआधी रात्रीचं मीटर बघा

‘जुन्या टॉवरची वीज वाचवायची तर सगळी काच बदला, मोठा नवा चिलर (एसीसाठी पाणी गार करणारं यंत्र) घ्या, गच्चीवर सोलर टाका, दिवे-पंखे-सेन्सर हे किरकोळ उपाय आहेत.’ हा मेसेज मी महिनाभर न वाचता पुढे सरकवत होतो. काल तो मामांनी पाठवला. मामा ऑफिसांच्या एका चाळीस मजली इमारतीच्या समितीवर आहेत आणि पुढच्या आठवड्यात यावरच ठराव आहे. आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी काच, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथेच जाणार आहे. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ ची, १०२ मजल्यांची. २००९ मध्ये तिथली ऊर्जाबचत योजना जाहीर झाली, तेव्हा साठाहून अधिक उपाय तपासून त्यातले फक्त आठ निवडले होते. ६,५१४ खिडक्यांची काच फेकली नाही. इमारतीतच कार्यशाळा थाटली, जुन्या दोन काचा सोडवल्या, मध्ये लेप दिलेली फिल्म ताणली, वायू भरला आणि त्याच खिडक्या परत बसवल्या. खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरच्या मागे उष्णतारोधक पत्रे लावले. या सगळ्यामुळे थंडाव्याची गरजच घटली, म्हणून चिलर मोठा घ्यावा लागला नाही. जुन्याच चिलरचं आतलं यंत्र नवं केलं. ऊर्जाबचतीपुरता वाढीव खर्च सुमारे १ कोटी ३२ लाख डॉलर आणि वर्षाची बचत ४४ लाख, असा हिशेब होता. म्हणजे तीन वर्षांत वसुली. भार घटवणारे छोटे उपाय सोडून आधी मोठा चिलर, असा मेसेजवाल्याने क्रमच उलटा सांगितलाय! आधी चिलर घेतला आणि मग भार कमी केला, तर ते अवाढव्य यंत्र पुढची वीस वर्षं अर्ध्या भारावर रखडत चालेल.

सोलरचं काय सांगायचं? चाळीस मजल्यांना गच्ची एकच, आणि तिच्यावर टाक्या, कूलिंग टॉवर, लिफ्टची खोली. बसवा जरूर, पण सामायिक दिव्यांपलीकडे फार अपेक्षा ठेवू नका.

एक मान्य करतो: काचेचं सील गेलं असेल, पाणी आत येत असेल, तर ती बदलावीच लागते, आणि तेव्हा चांगल्या प्रतीची घेणं शहाणपणाचं. पण ते दुरुस्तीच्या वर्षी.

राहिले ते ‘किरकोळ’ उपाय. पंख्याचा वेग २० टक्क्यांनी कमी केला की त्याची वीज जवळपास निम्मी होते, कारण वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. त्यासाठी एएचयूच्या (मजल्यावर गार हवा ढकलणाऱ्या यंत्राच्या) मोटरला व्हीएफडी, म्हणजे वेग कमी-जास्त करणारं उपकरण, बसवायचं, भिंत फोडायची नाही. दिवे एलईडी केले की त्यांची उष्णता घटते, म्हणजे एसीचाही भार उतरतो.

मामा, ठरावाआधी एवढंच करा. रात्री दोन वाजता, इमारत रिकामी असताना, मीटर किती वेगाने फिरतंय ते लिहून घ्या आणि कोणत्या मजल्यावरचे एएचयू तेव्हाही चालू आहेत ते वॉचमनला विचारा. तो कागद बैठकीत टेबलावर ठेवा.