‘गाठीत लिम्फोसाइट भरपूर, म्हणून ऑपरेशन नको’ हे कुठून काढलं?

“बायॉप्सीत लिम्फोसाइट भरपूर दिसले तर शरीर स्वतःच कॅन्सरशी लढतंय. ऑपरेशन, रेडिएशन घेऊ नका, त्याने ही फौज मरते. तीन महिने काढा घेऊन रक्तातले लिम्फोसाइट वाढवा. पेशी कमी असतील तर मात्र कुठल्याच उपचाराचा उपयोग नाही.”

तोंडाच्या कॅन्सरबद्दलचा हा मेसेज फिरत फिरत मावशीपर्यंत पोचला. तिच्या दिरांच्या जिभेच्या कडेला गाठ आहे, ऑपरेशन ठरलंय, आणि आता घरात तारीख पुढे ढकलायची भाषा सुरू झालीय. म्हणून हे लिहितेय, आणि चिडूनच लिहितेय.

लिम्फोसाइट म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. खरं आहे तेवढं आधी मान्य करते. गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइटची, त्यातही सीडी८ टी-पेशींची (कॅन्सरच्या पेशी मारू शकणाऱ्या लिम्फोसाइटची), दाटी असेल तर रुग्णांची पुढची वाटचाल सरासरीने बरी असते, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. पण या पेशी मोजल्या कशावर? बहुतेक अभ्यासांत ऑपरेशन करून काढलेल्या गाठींच्या काचपट्ट्यांवर. म्हणजे हा निष्कर्ष ज्यांच्यावरून निघाला, त्यांची गाठ आधीच बाहेर आलेली होती, आणि गरज होती त्यांना रेडिएशनही मिळालं होतं. ऑपरेशन टाळून नुसत्या लिम्फोसाइटच्या भरवशावर राहिलेल्यांचं काय झालं, याचं उत्तर त्या आकड्यांत मुळातच नाही. आणि मेसेज नेमका तोच सल्ला देतोय!

थांबल्याने काय होतं, हे मात्र मोजलेलं आहे. टाटा मेमोरिअल हॉस्पिटलची चाचणी २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. सुरुवातीच्या टप्प्यातला तोंडाचा कॅन्सर, मानेत गाठ लागत नाही असे रुग्ण. मुख्य गाठ सगळ्यांचीच काढली. एका गटात मानेतल्या लसिका ग्रंथीही त्याच वेळी काढल्या, दुसऱ्या गटात मानेत गाठ दिसेपर्यंत थांबले. तीन वर्षांनी जिवंत राहण्याचं प्रमाण पहिल्या गटात ८० टक्के, दुसऱ्यात ६७.५ टक्के. नुसत्या मानेसाठी, तेही नियमित तपासणी ठेवून, थांबल्याचा हा फरक. मेसेज तर मुख्य गाठच तीन महिने तोंडात ठेवायला सांगतोय.

“शरीर लढतंय” याबद्दल. गाठ हाताला लागण्याएवढी वाढली ती या पेशी तिथे असतानाच. कॅन्सरच्या पेशी पीडी-एल१ हे प्रथिन पुढे करतात, टी-पेशीवरचं पीडी-१ हे प्रथिन त्याला जुळलं की ती थंडावते. सतत तेच झालं की टी-पेशी थकून जातात. दिसतात खूप, काम थोडं. शिवाय काचपट्टीवर नेहमीचा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर सगळे लिम्फोसाइट सारखेच: गडद निळं गोल केंद्रक, भोवती पेशीद्रवाची बारीक कड. मारणारा कोण आणि प्रतिसाद दाबणारा कोण, हे वेगळे मार्कर (ठरावीक पेशीच ओळखणारे खास रंग) लावल्याशिवाय कळत नाही.

बायॉप्सीचा तुकडा असतो काही मिलिमीटरचा, काप असतो ४-५ मायक्रॉनचा. मोजताना कॅन्सरच्या पेशींच्या पुंजक्यांमधल्या संयोजी ऊतीचा (आधार देणाऱ्या भागाचा) किती टक्के भाग लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशींनी (त्याही प्रतिकाराच्याच पेशी) व्यापलाय ते पाहतात. मेलेला भाग आणि व्रणाखालची जागा सोडून देतात, कारण व्रण झालेल्या गाठीवर तोंडातल्या जंतूंमुळेही दाह असतो. तुकडा व्रणाच्या तळातून घेतला असेल तर दिसणारी गर्दी बरीचशी त्या दाहाची असू शकते. गाठ जिथे आत घुसते ती कड सर्वांत महत्त्वाची, आणि वरवरच्या तुकड्यात ती बहुधा येतच नाही. आणखी एक गफलत: मानेतल्या ग्रंथीच्या सुईतपासणीत ‘लिम्फोसाइट भरपूर’ लिहिलं असेल तर त्यात नवल नाही, ती ग्रंथी म्हणजे लिम्फोसाइटचं घरच आहे. त्यावरून गाठीबद्दल काहीच ठरत नाही.

रक्तातले लिम्फोसाइट म्हणजे गाठीतले नव्हेत. सीबीसीतला (रक्तपेशींच्या साध्या तपासणीतला) आकडा वाढला म्हणून त्या पेशी गाठीत शिरतात असं नाही. रेडिएशनने रक्तातले लिम्फोसाइट कमी होतात, हे खरं. पण रेडिएशन दिलं जातं ते मागे राहिलेल्या कॅन्सरपेशींसाठी, आणि त्या काढ्याने जात नाहीत.

“पेशी कमी तर उपचार व्यर्थ” हे वाक्य तर कुणाला उपचार सोडायला लावेल. लिम्फोसाइट कमी असलेल्या गाठीही ऑपरेशनने बऱ्या होतात. सरासरी धोका जास्त, एवढाच त्याचा अर्थ. उपचार ठरतो तो इतर गोष्टींवर. कॅन्सरचा टप्पा ठरवणाऱ्या टीएनएम स्टेजिंगच्या आठव्या आवृत्तीत गाठीची खोली आली, ५ आणि १० मिलिमीटर या तिच्या सीमा. लिम्फोसाइटला त्यात जागा नाही.

मावशीला सांगितलंय, ऑपरेशननंतरचा रिपोर्ट आला की खोली, कडेचं अंतर (कॅन्सरपासून कापलेल्या कडेपर्यंतचं, ५ मिलिमीटर किंवा जास्त हवं), चेतातंतूभोवती शिरकाव, किती ग्रंथींत कॅन्सर आहे आणि तो ग्रंथीचं आवरण फोडून बाहेर आलाय का, हे वाच. कापलेल्या कडेपर्यंत कॅन्सर असेल किंवा आवरण फुटलं असेल तर रेडिएशनबरोबर किमोचाही विचार होतो. रेडिएशन लागलंच तर ते ऑपरेशनपासून ६ आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. तारीख पुढे ढकलू नका.