अनामत पाचशे रुपये

नाशिकच्या आमच्या क्लबात, म्हणजे रोटरी-लायन्ससारख्या एका सेवा क्लबात, सध्या एकच वाद आहे: रुग्णसाहित्य केंद्र चालू ठेवायचं की बंद करायचं. केंद्र म्हणजे भाड्याची एक खोली. तिच्यात वॉकर, कुबड्या, व्हीलचेअर, कमोड चेअर, डोक्याकडून उचलणाऱ्या दोन कॉट आणि एअर बेड. अनामत भरून न्यायचं, गरज संपली की परत आणायचं. बाबा या क्लबाचे जुने सभासद होते. ते गेल्यावरही सभांचे निरोप माझ्याकडे येत राहिले, म्हणून इथे मँचेस्टरजवळ स्टॉकपोर्टला बसून मी हा वाद रोज वाचते.

बंद करा म्हणणारे वाईट नाहीत. खोलीचं भाडं वाढलंय, किल्ली सांभाळणारे सत्तरीच्या पुढे गेलेत, नवे सभासद मिळत नाहीत. त्यापेक्षा २०२७ च्या सिंहस्थासाठी एखाद्या कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा, निधी घेऊन एकच मोठा प्रकल्प करू, असं त्यांचं म्हणणं आहे: पिण्याच्या पाण्याची यंत्रं, फिरती शौचालयं. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक नफ्यावरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. पैसा आहे, तो योग्य हाती जावा. यात चूक काय?

शौचालयांना तर मी नाव ठेवणारच नाही. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने कोळशाचा व्यापारी, खाण अभियंता आणि शिंपी अशा तिघांना जमवून रोटरी सुरू केली, ती मुळात एकमेकांचा धंदा वाढावा म्हणून. आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत बैठक, म्हणून नाव रोटरी. त्यांचं पहिलं मोठं सार्वजनिक काम कोणतं, तर शिकागोत सार्वजनिक शौचालय व्हावं म्हणून १९०७ मध्ये धरलेला आग्रह. भाजी घेऊन पहाटे नाशिकला येणाऱ्या बायकांना विचारा, ते काम किती मोठं आहे.

तरीही केंद्र बंद करायला माझा विरोध आहे, आणि तो ठाम आहे.

गेल्या जूनमध्ये आई बाथरूममध्ये पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. मी विमानाने पोचले तोवर तिसरा दिवस होता. पाचव्या दिवशी संध्याकाळी सात वाजता दवाखान्याने सांगितलं, आज घरी नेता येईल. घरी आमचा जुना सागवानी पलंग, जमिनीपासून जेमतेम दीड फूट. त्यावरून तिला उठवणार कसं? मी हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे, रोज रुग्णांच्या घरी जायच्या याद्या बघते, आणि त्या क्षणी मला काही सुचेना. शेजारच्या जोशीकाकूंनी एक फोन केला. केंद्राची किल्ली सायकल दुकानात असते. साडेनऊला छोटा हत्ती टेम्पो दारात आला, दोन मुलांनी कॉट जिन्यावरून तिरकी करून वर चढवली. कॉटला अनामत दोन हजार, वॉकरला पाचशे. पावती तिथल्या तिथे. दहाला आई झोपली होती.

सिंहस्थातल्या पाण्याच्या यंत्राला हे जमणार नाही. कंपनीलाही जमणार नाही, कारण कंपनीचं वर्ष मार्चला संपतं, आणि वर्षाअखेरी तिला अहवालात दाखवायला पूर्ण झालेलं काहीतरी लागतं. वॉकर परत येणं हे काम पूर्ण होत नाही. तो परत येतो आणि पुन्हा जातो.

इथल्या, इंग्लंडातल्या क्लबांचं काय चाललंय तेही सांगते, कारण 'तिकडे सगळं सरकार करतं' असं नाशिकला अनेकांना वाटतं. करतं, पण सगळं नाही. शस्त्रक्रियेनंतरचा वॉकर सरकारी आरोग्यसेवेतून मिळतो, पण महिनाभर व्हीलचेअर हवी असली तर लोक अजूनही एखाद्या धर्मादाय संस्थेकडे जातात. आमच्या गावातला सेवा क्लब डिसेंबरमध्ये ट्रेलरवर सांताक्लॉजची गाडी सजवून संध्याकाळी गल्लीगल्लीतून फिरवतो. मागे-पुढे म्हातारे सभासद पिवळी जाकिटं घालून हातात बादल्या घेऊन चालतात. मी तीन वर्षं त्यांच्याबरोबर चालतेय. बादलीचं झाकण सीलबंद, वर संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक. रस्त्यावर पैसे गोळा करायला पालिकेचा परवाना लागतो. रात्री सील फोडून दोघांनी मिळून मोजायचं, आकडा लिहायचा, दोघांनी सही करायची. देणारा इथला करदाता असला आणि त्याने तसं लिहून दिलं, तर प्रत्येक पौंडामागे सरकार पंचवीस पेन्स वर घालतं. आणि इंग्लंडमधल्या कोणत्याही नोंदणीकृत धर्मादाय संस्थेची जमा, खर्च, विश्वस्तांची नावं कुणालाही घरबसल्या बघता येतात.

सभासद इथेही म्हातारे होताहेत. आमच्या क्लबात माझ्यासारखी पन्नाशीच्या आतली तिघंच. म्हणजे 'तरुण येत नाहीत' हा रोग नाशिकचा नाही, आणि मोठा प्रकल्प घेतल्याने तो बरा होत नाही. इथे नवी माणसं आली ती बादली धरायला बोलावल्यावर. भाषणाला बोलावल्यावर कुणी आलं नाही.

क्लबाने कायम जुनंच धरून बसावं, असं मात्र मला म्हणायचं नाही. नेत्रशिबिरंच घ्या. १९२५ साली अमेरिकेत हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी लढायला या, अशी हाक दिली. पुढे भारतातल्या गावोगावच्या क्लबांनी मोतीबिंदूची शिबिरं भरवली ती त्याच वाटेवर. मी आठेक वर्षांची असताना बाबा मला सुरगाणा तालुक्यातल्या एका शिबिराला घेऊन गेले होते. आश्रमशाळेच्या वर्गात सतरंज्यांवर रांगेने माणसं झोपलेली, डोळ्यावर हिरवी पट्टी. बाबांचं औषधाचं दुकान, म्हणून डोळ्यांचे थेंब त्यांच्याकडे. एक आजी पट्टी सुटल्यावर जाड भिंगाचा चष्मा लावून थेट स्वयंपाकाच्या जागी गेली आणि सूप ओढून तांदूळ निवडायला बसली. कुणी सांगितलं नव्हतं. खडे दिसत होते, म्हणून ती काढत होती.

आज तशी शिबिरं शाळेत भरवू नयेत. जंतुसंसर्गाचा धोका असतो, शस्त्रक्रिया रुग्णालयातच व्हायला हवी. आता डोळ्यात कृत्रिम भिंग बसतं, सरकारी योजना आहेत, मोठी नेत्ररुग्णालयं स्वतःची गाडी पाठवतात. ते काम क्लबाच्या हातून गेलं ते चांगल्या कारणाने गेलं. गरज संपली की काम थांबवावं. रुग्णसाहित्याची गरज संपलेली नाही, उलट नाशिकमध्ये एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची घरं वाढलीत. त्यातल्या कित्येक घरांतली मुलं माझ्यासारखी बाहेर आहेत. कोरोनातला एप्रिल २०२१ आठवा. शहरात ऑक्सिजनसाठी धावाधाव, एका रुग्णालयात टाकीच्या गळतीने २० हून अधिक रुग्ण गेले. त्या महिन्यात आमच्या केंद्रातली दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यंत्रं एका दिवसासुद्धा खोलीत नव्हती. वहीत नोंदीखाली नोंद आहे, एकाने परत केलं त्याच तारखेला दुसऱ्याने नेलं.

चिकाटीचं फळ क्लबांनी पाहिलेलंही आहे. रोटरीने पोलिओचं काम जगभर हाती घेतलं १९८५ मध्ये. आपल्याकडे पल्स पोलिओ सुरू झाला १९९५ ला, तेव्हा मी शाळेत होते आणि बूथवर पोरांच्या डाव्या करंगळीला शाई लावायचं काम माझं होतं. रविवार आला की तेच टेबल, तीच बर्फाची पेटी. भारतातला शेवटचा रुग्ण आढळला जानेवारी २०११ मध्ये, आणि २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. १९८५ पासून मोजलं तर २९ वर्षं. कुठल्या कंपनीने एवढा काळ एकाच कामाला पैसा दिला असता?

आता दुसऱ्या बाजूलाही सुनावते, कारण केंद्र वाचवा म्हणणारे ज्येष्ठ हिशेबाचा विषय निघाला की गप्प होतात. आपल्याकडे सार्वजनिक न्यासाचे हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे जातात, ठीक आहे. पण अनामतीचे किती पैसे पडून आहेत, किती वॉकर परत आलेच नाहीत, हे खोलीच्या दारावर का लावत नाही? कागद एक, दर महिन्याला. भाडं भरायला वर्गणी मागाल तेव्हा तोच कागद उपयोगी पडेल. मी तर इच्छा असूनही पैसे देऊ शकत नाही. मी ब्रिटिश नागरिकत्व घेतल्यापासून माझा रुपया कायद्याने विदेशी देणगी ठरतो, आणि तो घ्यायला लागणारी नोंदणी क्लबाकडे नाही. नियम मला बोचतो, पण नियम आहे. म्हणजे क्लब जगणार तो नाशिकच्याच पैशावर, आणि त्या माणसांना हिशेब दिसलाच पाहिजे.

आणि वही कुणी लिहिली तेही बोला. सेवा क्लबांनी बायकांना सभासद करून घेतलं १९८० च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधी रोटरीवाल्यांच्या बायकांसाठी इनर व्हील होतं, १९२४ मध्ये इथेच मँचेस्टरला सुरू झालेलं. नाशिकच्या आमच्या क्लबात तेवढंही नव्हतं. केंद्राची पहिली वही आईच्या अक्षरातली आहे: तारीख, नाव, पत्ता, वस्तू, अनामत, परत. अकरा वर्षं ती दर शनिवारी तिथे बसली. सभासदांच्या यादीत तिचं नाव एकदाही आलं नाही. क्लबाला माणसं हवी असतील तर आधी अशा बायकांना जाऊन विचारा. शहरात त्या पुष्कळ आहेत आणि त्यांना काम माहीत आहे.

कॉट ऑगस्टमध्ये परत गेली, वॉकर दिवाळीनंतर. मी नको म्हणत असताना आई स्वतः रिक्षाने गेली, एका हातात काठी. पाचशे रुपये परत दिले तर म्हणाली, केंद्राला जमा करा. मग देणगीची पावती हवी म्हणून थांबून राहिली. पावतीपुस्तक सापडेपर्यंत तिने वही पुढ्यात ओढली, चष्मा पुसला आणि 'परत'च्या रकान्यात स्वतःच्या हाताने तारीख घातली.