‘११० मिमीची एकच जोडी सगळीकडे चालते’: या सल्ल्याचा प्रतिवाद

स्की घ्यायला निघालेल्यांना हल्ली एक तयार सल्ला मिळतो: कंबर (स्कीच्या मधल्या भागाची रुंदी) ११० मिमी किंवा त्याहून रुंद घ्या, रॉकर (टोकाला किंवा शेपटीला दिलेली वरची वळण) असल्यामुळे लांबी दहा-बारा सेंमी कमी ठेवा, वजनाला हलकी बघा, मग ताजी पावडर (भुसभुशीत बर्फ) असो की घट्ट दाबलेला पिस्ट (यंत्राने तयार केलेला उतार), एका जोडीत भागते. असा सल्ला मानून घेतलेली स्की बहुतेकदा दोन्हीकडे कमी पडते.

‘जितकी रुंद, तितकी पावडरमध्ये वर राहते.’ स्की तरंगते ती तळाच्या एकूण क्षेत्रफळावर. त्यात लांबी येते, टोकाची रुंदी येते, टोक किती उचललेले आहे ते येते, आणि वर उभ्या माणसाचे वजनही येते. टोकाचा फुगवटा बाजूला ठेवून नुसत्या कंबरेवर हिशेब करून पाहा. १०८ मिमी रुंद, १७२ सेंमी लांब स्कीचे क्षेत्रफळ सुमारे १,८५८ चौरस सेंमी. १०० मिमी रुंद, १८४ सेंमी लांब स्कीचे १,८४०. म्हणजे रुंदीत ८ मिमी मिळवले ते लांबीत १२ सेंमी घालवून जवळजवळ पुरते गमावले. वर कडक बर्फावरची पकडही गेली.

‘रॉकर आहे, म्हणून आखूड घ्या.’ हे नेमके उलटे आहे. रॉकरचा भाग सपाट, कडक बर्फाला टेकतच नाही, त्यामुळे पकड देणारी कड आधीच आखूड झालेली असते. टोक आणि शेपूट दोन्हीकडे रॉकर असेल, तर सराव असलेल्याने साधारण स्वतःच्या उंचीइतकी लांबी धरावी. वजनदार किंवा वेगाने जाणाऱ्याने थोडी जास्तच. हनुवटी ते कपाळ हे माप नवशिक्यांसाठी आणि पायाखाली लांब कॅम्बर (मध्ये वर उचललेली कमान) असलेल्या पिस्ट-स्कीसाठी ठीक आहे.

रॉकर किती आहे हे दुकानातच तपासता येते. दोन्ही स्कींचे तळ एकमेकांना लावून धरा. मध्ये दिसणारी फट म्हणजे कॅम्बर. आता मधला भाग हाताने दाबून ती फट मिटवा. तळ जिथे एकमेकांपासून सुटू लागतात तिथून रॉकर सुरू होतो. दोन्ही प्रकारच्या बर्फासाठी पुढे लांब रॉकर, पायाखाली कॅम्बर आणि शेपटीला थोडीशीच उचल ही रचना आम्हाला सर्वांत भरवशाची वाटते. संपूर्ण उलटा कॅम्बर (मध्य खाली, दोन्ही टोके वर) खोल बर्फात अप्रतिम चालतो. स्कीपटू शेन मॅककाँकीच्या कल्पनेतून २००२ साली आलेल्या व्होलांट स्पॅट्युला या स्कीने ते दाखवून दिले. पण तिचा साइडकटही (कडांची वक्रता) उलटा होता, मधला भाग टोकांपेक्षा रुंद. ती खोल पावडरसाठीच घडवली होती. तिचे नाव घेऊन पिस्टवरची शिफारस करणे चुकीचे आहे.

‘रुंद स्की पिस्टवरही तशीच चालते, फक्त सवय लागते.’ इथे सवयीपेक्षा तरफेचा प्रश्न मोठा आहे. कडक बर्फावर स्की कडेवर घेतली की सगळा भार त्या एका कडेवर येतो. ८० मिमीच्या स्कीत ही कड मध्यरेषेपासून ४० मिमीवर असते, ११० मिमीच्या स्कीत ५५ मिमीवर. बर्फाचा दाब स्कीला पुन्हा सपाट करू पाहतो, आणि या तरफेचा हात १५ मिमीने लांबतो. तो पेलावा लागतो घोटा, गुडघा आणि मांडीला. दिवसभर पिस्टवर राहिले की गुडघ्यांना ते जाणवते. एका कडेवरून दुसरीकडे जायलाही शरीराला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून लहान वळणे उशिरा लागतात. मऊ बर्फात पूर्ण तळाला आधार मिळत असल्याने हा त्रास फारसा होत नाही. त्यामुळे पावडरच्या दिवशी घेतलेल्या चाचणीवरून पिस्टबद्दल काहीच ठरवू नये.

निम्मे दिवस इकडे, निम्मे तिकडे असतील तर कंबर ९६ ते १०२ मिमी, पिस्ट जास्त असेल तर ८८ ते ९५. ११० आणि पुढचे माप दुसऱ्या जोडीसाठी ठेवा.

‘हलकी म्हणजे चांगली.’ चढून जायचे असेल तर हो. लिफ्टने वर जाणाऱ्याला दुपारच्या तुडवलेल्या, गठ्ठ्यागठ्ठ्यांच्या बर्फात हलकी स्की प्रत्येक गठ्ठ्यावर उडवते. थोडे वजन आणि टायटॅनलचा (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा) थर तिला रेषेत ठेवतात.

‘बाइंडिंग (बूट स्कीला धरणारा सांधा) कुठलेही बसते.’ नाही. बाइंडिंगचा ब्रेक (सुटलेली स्की थांबवणारे दांडे) कंबरेइतका किंवा तिच्यापेक्षा जास्तीत जास्त १५ मिमी अधिक रुंद हवा. अरुंद ब्रेक कडेपलीकडे खाली येत नाही. फार रुंद असेल तर वळणात बर्फात अडकतो. बुटाचा तळवा नेहमीच्या स्कीइंगचा आयएसओ ५३५५, चालायला सोपा ग्रिपवॉक की टूरिंगचा (चढून जायच्या स्कीइंगचा) ९५२३, हे बाइंडिंगवर लिहिलेल्या प्रकाराशी जुळलेच पाहिजे. पडताना बूट सुटण्याचे माप वजन, उंची, वय, तळव्याची लांबी आणि स्कीइंगची पद्धत यांवरून तंत्रज्ञाकडूनच लावून घ्या. भोके पाडताना स्कीवर छापलेले माप पाळावे: धातूचा थर असलेल्या स्कीला सहसा ४.१ मिमी, नसलेल्याला ३.५ किंवा ३.६, खोली ९ मिमी. धातूत बारीक भोक पाडले तर स्क्रू वरचा थर फुगवतो. बिनधातूच्या स्कीत मोठे पाडले तर स्क्रू धरत नाही. भोकात गोंद घातला नाही तर पाणी शिरून लाकडी गाभा कुजतो. बाइंडिंग आधी कंपनीने आखलेल्या रेषेवरच बसवा: १–२ सेंमी पुढे सरकवले तर वळणे सोपी होतात, पण पावडरमध्ये टोक बुडू लागते.